लोकल बोर्डांचे विसर्जन

१ मे १९६२ रोजी जिल्हा लोकल बोर्डे बरखास्त होऊन, आणि त्यांजबरोबर विदर्भातील जनपद सभांचेही दप्तर गुंडाळले जाऊन, महाराष्ट्रात २५ जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, तेव्हा मावळत्या संस्थांसाठी हळहळणारे फारसे कोणी आढळले नाही.

बोर्डांचा लौकिकच तसा होता. शेतसाऱ्याच्या रुपयामागे मुळात एक आणा ‘लोकल फंड’ म्हणून वसूल होई, आणि त्या तुटपुंज्या उपकरातून रस्ते, दवाखाने, धर्मशाळा, विहिरी व देवीची लस, एवढा सारा प्रपंच बोर्डाने चालवावा अशी अपेक्षा असे. मंजूर झालेल्या रस्त्याची खडी कडेला येऊन पडावी आणि ती पसरण्याइतका पैसा शिल्लक नसल्यामुळे पुढील पावसाळ्यात तिच्यावर गवत उगवावे, हे दृश्य पाहून रयत सभासदांना बोल लावी. माझ्या मते दोष सभासदांपेक्षा तिजोरीचा अधिक होता. त्यात १९४७ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षणाचा कारभार स्वतंत्र स्कूल बोर्डांकडे गेला, आणि बोर्डाची उरलीसुरली प्रतिष्ठाही ओसरली.

बोर्डांच्या जागी काय आणावे, याविषयी केंद्राच्या बलवंतराय मेहता समितीने १९५७ साली खरी सत्ता गटपातळीवरील पंचायत समितीच्या हाती द्यावी असे सुचविले होते. मद्रास राज्याने तोच मार्ग धरला. तेथे जिल्हा बोर्डे मोडली आणि जिल्ह्याच्या पातळीवर कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली केवळ सल्लागार मंडळ ठेवले. महाराष्ट्राच्या वसंतराव नाईक समितीने मात्र, तज्ज्ञ नोकरवर्ग व नियोजनाची ऐपत तालुक्याला पेलणारी नाही हे ओळखून, जिल्हा हाच मुख्य घटक मानला आणि कलेक्टरला परिषदेच्या बाहेर ठेवले. ज्या अधिकाऱ्यापुढे पिढ्यान्पिढ्या अर्ज घेऊन उभे राहावयाचे, त्याच्याकडे जमाबंदी व बंदोबस्त ठेवून शाळा, दवाखाने व शेतीसुधारणा लोकनियुक्त अध्यक्षाच्या स्वाधीन करावयाची, हे धाडस मला साऱ्या योजनेतील सर्वांत मोलाचे वाटते. (आमदार-खासदारांनाही सभासदत्व दिले नाही, ते त्यांना कितपत रुचले असेल, हा प्रश्न निराळा!)

परंतु परिषदेची स्वतःची कर बसविण्याची शक्ती बेताचीच राहिली असून तिचा मोठा खर्च सरकारी अनुदानावर चालावयाचा. तेव्हा ओढ्यावरील पुलाचा ठराव जिल्ह्याच्या सभागृहात एकमताने संमत झाला, तरी त्याची रक्कम येईपर्यंत सभासदाची नजर मुंबईच्या सचिवालयाकडेच लागून राही.