तोफ पोटाखाली की पोटात?



मिग-२१ ची एफएल आणि एम ही दोन्ही रूपे आपल्या ओझरलाच घडली. लांबून पाहणाऱ्यास ती जुळी भावंडे वाटतात. मुख्य भेद तोफेचा.

एफएलच्या अंगात तोफच नव्हती. क्षेपणास्त्रांपुढे तोफ कालबाह्य झाली, असा त्या काळी मोठमोठ्या देशांचा समज होता. पण क्षेपणास्त्र हुकले तर वैमानिकाने काय करायचे? म्हणून २३ मिलिमीटरची दुनळी तोफ पेटीत बसवून विमानाच्या पोटाखाली टांगली गेली. १२ डिसेंबर १९७१ रोजी कच्छच्या आखातावर फ्लाइट लेफ्टनंट भारतभूषण सोनी यांनी तोफेच्याच माऱ्याने पाकिस्तानचे स्टारफायटर पाडले. तेच स्टारफायटर, ज्याचा त्या काळी केवढा दरारा होता!

मात्र या पेटीने इंधनटाकीची जागा अडवली. तोफ घ्या, नाहीतर लांबचा पल्ला घ्या. 'एम'मध्ये तोफ धडातच बसवली. टाकीची जागा मोकळी झाली. पंखांखाली शस्त्रे टांगण्याच्या जागाही दोनाच्या चार झाल्या.

मग एम सरस? सरसकट तसे मी म्हणणार नाही. इंजिन जवळपास तेच, वजन मात्र वाढलेले. चपळाईत हलकी एफएलच उजवी.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ ने वायुदलाचा निरोप घेतला. पुढच्याच महिन्यात ओझरहून तेजस मार्क-१ए झेपावले. त्याच्या आराखड्यातही तीच दुनळी तोफ आहे, आणि ती टांगलेली नाही.