डॉक्टर म्हणाले, हा फार कमी जणांना होतो

गुरुवारची संध्याकाळ आहे, चुलीवर किंवा गॅसवर तवा चढलेला असेल. भाकरी थापता थापता ऐका. आजचा विषय जरा जड आहे, पण तो आमच्यापर्यंत तुमच्यातल्याच एका ताईंनी आणलाय.

गेल्या महिन्यात आम्ही एका गावी बचत गटाच्या बैठकीला गेलो होतो. हप्ते गोळा झाले, सह्या-अंगठे झाले, चहा आला. तेव्हा मागे बसलेल्या एक ताई बोलल्या. त्यांचे मालक श्रावणात गेले. वय साठीच्या आतबाहेर. फुप्फुसाचा कर्करोग होता, त्यातला ‘स्मॉल सेल’ नावाचा. ताई म्हणाल्या, "डॉक्टर म्हणाले, हा फार कमी जणांना होतो आणि फार झपाट्याने वाढतो. कमी जणांना होतो तर मग आमच्याच घरी कसा आला?" आणि मग हळूच म्हणाल्या, "तुमच्याच रेडिओवर ऐकून मी त्यांना टीबीसाठी नेलं होतं."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पण आम्ही परत आल्यावर आमचाच तो जुना कार्यक्रम काढून ऐकला. त्यात आम्ही चक्क म्हटलं होतं, "दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला म्हणजे टीबी." म्हणायला हवं होतं, "दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर टीबीची तपासणी करा." शब्द दोनच इकडचे तिकडे, पण ताईंच्या घरी त्यांनी फरक पडला. ही चूक आमची. म्हणून आज ताईंच्या प्रश्नाचं उत्तर नीट द्यायचं ठरवलंय.

आधी हा आजार काय ते बघू. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या दोन मोठ्या जाती आहेत. शंभर रुग्णांमध्ये साधारण ८५ जणांना एका जातीचा असतो, आणि उरलेल्या १३ ते १५ जणांना हा स्मॉल सेल, म्हणजे लहान पेशींचा. सूक्ष्मदर्शकाखाली याच्या पेशी बारीक आणि एकमेकींना चिकटून दाटीने बसलेल्या दिसतात. ओट नावाच्या धान्याच्या दाण्यासारख्या दिसतात म्हणून जुने डॉक्टर याला ‘ओट सेल’ म्हणायचे. नाव लहान पेशींचं असलं तरी वाढ लहान नाही. दीड-दोन महिन्यांत एक्सरेवरचा डाग साध्या डोळ्यांना कळेल एवढा वाढू शकतो. रोगाचं नाव कळतं तेव्हा तीनपैकी दोन रुग्णांमध्ये तो छातीची एक बाजू ओलांडून पुढे गेलेला असतो. यकृतात जातो, हाडांत जातो, मेंदूत जातो. म्हणूनच यात ऑपरेशन क्वचितच करतात.

आता ‘कमी जणांना’ म्हणजे किती? मैत्रिणींनो, इथे जरा गटाच्या वहीसारखा हिशोब मांडू. २०२२ सालच्या अंदाजाप्रमाणे आपल्या देशात वर्षाला कर्करोगाचे साधारण १४ लाख नवे रुग्ण सापडतात. त्यात फुप्फुसाचे सुमारे ८० हजार. त्यातले शंभरामागे १३ ते १५ धरले तर स्मॉल सेलचे होतात दहा-बारा हजार. एवढ्या मोठ्या देशात दहा-बारा हजार. दोन-अडीच लाख वस्तीच्या तालुक्याला वाटून दिले तर वर्षाला एक नाहीतर दोन माणसं. पाच हजार वस्तीच्या गावात वीस-पंचवीस वर्षांत एखादा. म्हणजे एका सुनेची सासू होईपर्यंत गावात एकच असा रुग्ण. हा सरासरीचा हिशोब आहे, एखाद्या गावात दोन असतील, एखाद्यात एकही नसेल. पण अंदाज येतो.

आणि त्याच २०२२ सालात देशात टीबीचे नवे रुग्ण होते साधारण २८ लाख. म्हणजे टीबीच्या अडीचशे रुग्णांमागे स्मॉल सेलचा एक. आता सांगा, तालुक्याच्या डॉक्टरसमोर खोकणारा, वजन उतरलेला, एक्सरेवर डाग असलेला माणूस बसला की त्यांच्या मनात पहिलं काय येणार? टीबीच येणार. आम्ही त्याला गुन्हा म्हणत नाही. पण ताईंच्या मालकांचा बेडका तपासलाच नव्हता. नुसत्या एक्सरेवर गोळ्या सुरू झाल्या, आणि अडीच महिने त्याच चालू राहिल्या. टीबीचा संशय असेल तर बेडक्याची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. ती का झाली नाही, हे विचारायचं ताईंनाही सुचलं नाही, आणि आमच्या कार्यक्रमात आम्हीही ते सांगितलं नव्हतं.

त्या अडीच महिन्यांत काय झालं ते ताईंनी सांगितलं, आणि त्यांच्या परवानगीनेच सांगतो. आधी खोकला कोरडा होता, मग आवाज बसला. मग सकाळी उठले की तोंड सुजलेलं, डोळ्यांखाली, गळ्यापर्यंत. मानेच्या शिरा फुगलेल्या. घरच्यांना वाटलं गोळ्यांची उष्णता. छातीत गाठ वाढून डोक्याकडून येणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीवर दाब आला की अशी सूज येते, हे त्यांना नंतर कळलं. त्यापुढचं आणखी विचित्र. एक दिवस ते असंबद्ध बोलायला लागले. बैल दहा वर्षांपूर्वी विकलेला, आणि ‘बैलाला पाणी पाजलं का’ विचारायचे. दिवसभर गुंगीत. घरात कुजबूज सुरू झाली, बाहेरचं काहीतरी आहे. एका देवऋषीकडे दोन वाऱ्या झाल्या. मैत्रिणींनो, या जातीच्या गाठी कधी कधी असा रस सोडतात की शरीरात पाणी साठतं आणि रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठाचं प्रमाण, उतरतं. सोडियम फार उतरलं की माणूस बरळतो, झोपाळतो, झटकेही येतात. साध्या रक्ततपासणीत ते कळतं. देवऋषीकडे नेलं म्हणून कुणाला हसायचं नाही. पण खोकला आणि बरळणं एकत्र दिसलं तर पहिली गाडी दवाखान्याकडे वळवा.

शेवटी जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात सीटी स्कॅन झालं, तुकडा काढून तपासला, तेव्हा नाव कळलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला: विडी किती वर्षं? पंधराव्या वर्षापासून. दिवसाला एक कट्टा, कामाच्या दिवसांत दीड.

‘आमच्याच घरी कसा’ याचं उत्तर त्या प्रश्नात आहे. फुप्फुसाचा दुसऱ्या जातीचा कर्करोग कधीही विडी-सिगारेट न ओढलेल्यांनाही होतो, आणि त्यात बायका बऱ्याच असतात. स्मॉल सेलचं तसं नाही. याच्या शंभर रुग्णांपैकी नव्वदहून जास्त जण धूर ओढणारे किंवा पूर्वी ओढलेले असतात. सगळ्या कर्करोगांत तंबाखूच्या धुराशी इतकं घट्ट नातं फार थोड्यांचं आहे. बहुतेक रुग्ण साठी-सत्तरीतले. चाळिशीच्या आत हा क्वचित दिसतो, कारण धुराला आपलं काम करायला वर्षं लागतात. विडी लहान असते म्हणून सौम्य, असं आपल्याकडे म्हणतात. ते खरं नाही. विडी विझू नये म्हणून जोरात आणि पुन्हा पुन्हा ओढावी लागते, त्यामुळे डांबर आणि विषारी वायू उलट जास्त आत जातात. हे बोलताना सोलापूरकडच्या, विड्या वळून घर चालवणाऱ्या बहिणी ऐकत असतील, याची आम्हाला जाणीव आहे. तुमच्या कष्टाला आम्ही नावं ठेवत नाही. ओढणाऱ्याच्या फुप्फुसात काय होतं तेवढंच सांगतोय.

मग हा पुरुषांचाच आजार का? तर नाही, आणि हे आम्हाला वाचताना सगळ्यात जास्त लागलं. अमेरिकेत १९७३ साली स्मॉल सेलच्या शंभर रुग्णांत २८ बायका होत्या. २००२ साली त्या ५० झाल्या. निम्म्याला निम्म्या. तिथल्या पुरुषांनी सिगारेट आधी धरली, बायकांनी एक पिढी नंतर. पुरुषांनी सोडायलाही आधी सुरुवात केली. रोग त्याच रांगेने मागून आला. त्याच काळात तिथे धूम्रपान कमी झालं, तसं फुप्फुसाच्या एकूण कर्करोगात स्मॉल सेलचं प्रमाणही खाली आलं, शंभरात १७ वरून १३ वर. म्हणजे हा आजार बाई-पुरुष बघत नाही, धूर बघतो.

आपल्याच देशात बघा. मिझोराममधल्या ऐझॉल जिल्ह्यात बायकांमध्येही धूम्रपानाची जुनी चाल आहे, आणि तिथे फुप्फुसाचा कर्करोग बायकांना पुरुषांच्या जवळजवळ बरोबरीने होतो, देशात सगळ्यात जास्त. दुसरीकडे आपली बार्शी. १९८७ पासून बार्शी आणि आसपासच्या गावांतल्या कर्करोगाच्या रुग्णांची नोंद ठेवली जाते. ग्रामीण भागातली ही देशातली पहिली नोंदणी. कार्यकर्ते गावोगाव फिरून माहिती घेतात. तिथल्या बायकांमध्ये गर्भाशयाच्या मुखाचा आणि स्तनाचा कर्करोग वरच्या क्रमांकावर आहे, फुप्फुसाचा फार खाली. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत आपल्या राज्यात शंभरातल्या १७ बायका तंबाखू वापरत होत्या, पण धूर ओढणाऱ्या शंभरात दोनही नव्हत्या. आपली तंबाखू मशेरीत आहे, चुन्याबरोबर दाढेखाली आहे. त्याने स्मॉल सेल सहसा होत नाही. तोंडाचा कर्करोग होतो. तेव्हा मशेरीचा डबा हातात घेऊन कुणी ‘आम्ही सुटलो’ म्हणू नका, त्यावर आपण वेगळं भांडू.

चुलीच्या धुराबद्दलही गटात विचारलं गेलं. चुलीच्या धुराने दमा आणि श्वासाचे आजार होतात, आणि फुप्फुसाच्या कर्करोगाशीही त्याचा संबंध सांगतात. पण स्मॉल सेलचं मुख्य कारण तंबाखूचाच धूर. दुसऱ्याच्या विडीचा धूर रोज घरात कोंडला तर त्याचाही धोका असतो, ओढणाऱ्याइतका नाही, पण असतो. म्हणून ‘माझ्या घरात बाहेर जाऊन ओढा’ एवढं म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही.

ताईंची आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. मालक आजारी असताना घरात त्यांचं ताट-तांब्या वेगळा केला होता. आधी टीबीच्या भीतीने, मग कर्करोगाच्या. कर्करोग लागत नाही. ताटातून नाही, अंथरुणातून नाही. आणि टीबीसुद्धा भांड्यांतून पसरत नाही, खोकल्याच्या हवेतून पसरतो. ताईंना ते ताट वेगळं केल्याची रुखरुख अजून आहे.

उपचार काय झाला? केमोची सलाईन. या जातीवर पहिल्या वेळी औषध चांगलं लागू पडतं. ताईंच्या मालकांची तोंडाची सूज पहिल्या सलाईननंतर आठवड्यात उतरली. दुसऱ्यानंतर ते स्वतः चालत शेतात जाऊन आले. घरच्यांनी पेढे वाटले. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हा बहुधा परत येतो, पण ते ऐकायचे ते दिवस नव्हते. चौथ्या महिन्यात परत आला. रोग छातीच्या एकाच बाजूला असताना सापडला, आणि केमोबरोबर शेकही, म्हणजे रेडिएशन, देता आले, तर शंभरातले पंचवीस-तीस जण पाच वर्षं ओलांडतात. पसरल्यावर फार थोडे. काहीच उपचार न केल्यास माणूस बहुधा काही महिनेच काढतो. ताईंना पेढे वाटल्याचं वाईट वाटतं का, असं आम्ही विचारलं. त्या म्हणाल्या, "नाही. त्यांनी स्वतः दोन खाल्ले."

आता कामाचं. घरात कुणी वर्षानुवर्षं विडी ओढणारं असेल आणि खोकला दोन-तीन आठवडे हटत नसेल, किंवा रोजचाच खोकला पण त्याची जात बदलली असेल, बेडक्यातून रक्त येत असेल, आवाज बसला असेल, तोंड-मान सुजत असेल, कपडे सैल व्हायला लागले असतील, तर दवाखान्यात जा. विडी किती आणि किती वर्षं, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणच सांगा. लाजून ‘कधीमधी’ म्हणू नका. टीबी म्हटलं तर विचारा, बेडक्यात जंतू सापडले का? सापडले तर औषध पूर्ण घ्यायचं, मधेच सोडायचं नाही. सापडले नाहीत, किंवा औषध घेऊनही तब्येत उतरतच चालली, तर आपल्या मनाने गोळ्या बंद करू नका. डॉक्टरांकडे परत जा आणि सीटी स्कॅन लागेल का, तुकडा तपासायला हवा का, हे स्पष्ट विचारा. कर्करोगाचे उपचार महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात. जाताना रेशन कार्ड आणि आधार कार्ड जवळ ठेवा.

ताईंचा शेवटचा प्रश्न पोरांचा होता. पोरांना होईल का? बापाला झाला म्हणून पोरांना होईलच असं नाही. पण थोरला पंचविशीचा आहे आणि बापाच्या तेराव्याला गोठ्यामागे उभा राहून सिगारेट ओढत होता, हे ताईंनीच सांगितलं. त्याच्या हातात अजून बरंच आहे. सोडल्यावर धोका वर्षागणिक उतरत जातो, दहा वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका ओढत राहणाऱ्याच्या निम्म्यावर येतो. तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी फोन आहे, पैसे पडत नाहीत: १८००-११-२३५६. पुन्हा सांगतो, १८००-११-२३५६.

तो थोरला परवा केंद्रावर आला होता, आईला सोडायला. ताई आत हा कार्यक्रम आधी ऐकून ‘बरोबर आहे’ म्हणेपर्यंत तो बाहेर गाडीवर बसून होता. जाताना दारावर चिकटवलेला नंबर त्याने मोबाईलमध्ये टिपून घेतला. फोन केला का, ते आम्ही विचारलेलं नाही.

पुढच्या गुरुवारी शेळ्यांच्या लसीकरणाबद्दल बोलू. तुमच्या गावात लस कधी आली होती ते तेवढं कळवा.