मदरबोर्ड बदलला, आता परवान्याचं काय?



गेल्या महिनाभरात वेगवेगळ्या गावांच्या ग्रामसंघांकडून एकच प्रश्न आला. कॉम्प्युटर बिघडला, दुरुस्त होऊन आला, चालूही झाला. पण पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ अशी पुसट अक्षरं दिसायला लागली. दुकानदार म्हणतो, ताई, मदरबोर्ड बदललाय, आता विंडोज नवीन घ्या, हिशेबाचं सॉफ्टवेअर पण नवीन घ्या. म्हणजे दुरुस्तीपेक्षा सॉफ्टवेअरचंच बिल मोठं. गटाचा पैसा असा जायला पाहिजे का, ते आज बोलू.

सॉफ्टवेअर विकत घेतलं म्हणजे आपण साडी घेतो तसं ते आपलं होत नाही. आपण घेतो तो वापरण्याचा परवाना, आणि तो बहुतेक वेळा एका मशीनसाठी असतो. मग कंपनीला कळतं कसं की मशीन तेच आहे? रेशन दुकानावर आपण अंगठा लावतो ना, तसंच. सॉफ्टवेअर बसवताना ते कॉम्प्युटरच्या आतल्या भागांची नोंद घेतं. मदरबोर्ड कोणता, हार्ड डिस्क कोणती, नेटवर्क कार्ड कोणतं. या सगळ्यांचा मिळून एक ठसा तयार होतो आणि तो इंटरनेटवरून कंपनीकडे जातो. याला ॲक्टिव्हेशन म्हणतात. विंडोजमध्ये हे घरगुती ग्राहकांसाठी २००१ साली विंडोज एक्सपीपासून आलं. आता कापूस वेचून, भांडी घासून बोटं झिजली की रेशनचं मशीन आपला अंगठा घेत नाही. बाई तीच असते, पण ठसा जुळत नाही. भाग बदलल्यावर कॉम्प्युटरचं अगदी हेच होतं.

सगळेच भाग सारखे नसतात. ज्या उभ्या डब्याला आपण सगळे सीपीयू म्हणतो, त्यातली रॅम वाढवली, एसएमपीएस जळाला म्हणून बदलला, मॉनिटर, कीबोर्ड, माऊस नवीन आणला, तर विंडोज सहसा काही म्हणत नाही. हार्ड डिस्क बदलून विंडोज नव्याने टाकलं तरी, मदरबोर्ड तोच असेल आणि आवृत्ती तीच असेल, तर इंटरनेट लागल्यावर ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं. पण मदरबोर्ड बदलला की विंडोज त्याला वेगळं मशीन समजतं. म्हणून दुरुस्तीवाल्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा: भाऊ, नेमकं काय बदललं? आणि ते पावतीवर लिहून घ्यायचं. ‘कॉम्प्युटर रिपेअर’ एवढंच लिहिलेली पावती पुढे काही कामाची नाही.

विंडोजचे परवाने मुख्यतः दोन प्रकारचे. लॅपटॉप किंवा कंपनीचा तयार कॉम्प्युटर घेतला तर विंडोज त्याच्याबरोबरच येतं. त्याला ओईएम म्हणतात. ते भिंतीतल्या फडताळासारखं. बिऱ्हाड हलवताना कुकर, डबे नेता येतात, फडताळ घरातच राहतं. तसा हा परवाना त्या मशीनलाच चिकटलेला असतो, दुसऱ्या मशीनवर नेता येत नाही. विंडोज ७ च्या काळात लॅपटॉपच्या पोटावर पंचवीस अक्षरांचा नंबर असलेला स्टिकर असायचा. विंडोज ८ पासून तो नंबर बहुतेक तयार मशीनमध्ये मदरबोर्डच्या आतच साठवलेला असतो, बाहेर काही दिसत नाही. दुसरा प्रकार रिटेल, म्हणजे वेगळे पैसे देऊन घेतलेला. तो मात्र कुकरसारखा. जुन्या मशीनवरून काढून नव्यावर नेता येतो, फक्त एका वेळी एकाच मशीनवर.

आता दुकानदाराची गोष्ट. मायक्रोसॉफ्टने ओईएम परवान्याबद्दल म्हटलेलं आहे की मदरबोर्ड नादुरुस्त झाला म्हणून बदलला असेल तर नवीन परवाना घ्यावा लागत नाही. मशीन चांगलं चालू असताना, जास्त जोरदार हवं म्हणून बदलला, तर मात्र ते नवीन मशीन धरलं जातं आणि परवाना नवीन लागतो. आपल्याकडे जून महिन्यात वादळी पाऊस, लाईट कमी-जास्त, त्यात मदरबोर्ड जळतो. ही नादुरुस्तीच. तेव्हा ‘नवीन घ्याच’ म्हणणाऱ्याचं लगेच ऐकू नका. मात्र हे पटवून देताना पावती लागते. म्हणून म्हणते, पावतीवर ‘मदरबोर्ड नादुरुस्त, बदलला’ असं स्पष्ट हवं.

हे करायचं कसं? विंडोज १० आणि ११ मध्ये परवाना मायक्रोसॉफ्टच्या खात्याला, म्हणजे एका ईमेलला जोडून ठेवता येतो. २०१६ पासून ही सोय आहे. आधी जोडलेला असेल तर भाग बदलल्यावर सेटिंग्जमध्ये जायचं, ॲक्टिव्हेशन उघडायचं, ट्रबलशूट दाबायचं. तिथे ‘आय चेंज्ड हार्डवेअर ऑन धिस डिव्हाइस रिसेंटली’ असं वाक्य दिसतं, म्हणजे ‘मी या मशीनचे भाग नुकतेच बदलले’. ते निवडलं आणि खात्यात शिरलं की आपल्या मशीनची नावं येतात, त्यातलं आपलं निवडायचं. नाही झालं तर कंपनीच्या मदत केंद्राशी बोलायचं. यातली मेख एवढीच की खातं आधी जोडलेलं पाहिजे. मशीन बंद पडल्यावर जोडता येत नाही.

ॲक्टिव्हेट नसलेलं विंडोज बंद पडत नाही, हेही सांगते. कोपऱ्यात ती अक्षरं राहतात, पडद्याचं चित्र-रंग बदलता येत नाहीत, अधूनमधून आठवण येते. तुमच्या फायली, गटांच्या याद्या, फोटो जिथल्या तिथे असतात. परवाना अडकला म्हणजे हिशेब गेला असं नाही. हिशेब जातो तो फॉरमॅट मारल्यावर. मदरबोर्ड जळला तरी हार्ड डिस्क बहुतेक वेळा शाबूत असते, आणि हिशेब हार्ड डिस्कमध्ये असतो. म्हणून ‘फॉरमॅट मारावं लागेल’ म्हटलं की आधी डेटा दुसरीकडे उतरवून द्या म्हणायचं, आणि तो पेन ड्राइव्ह आपल्या पिशवीत टाकून मगच निघायचं.

याला एक अपवाद आहे आणि तो नवीन लॅपटॉपवाल्या गटांनी नीट ऐकावा. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कला आपोआप कुलूप लागलेलं असतं. त्याचं नाव बिटलॉकर, किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन. आपण लावलेलं नसतं, आपल्याला माहीतही नसतं. मदरबोर्ड बदलला की निळा पडदा येतो आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती नसेल तर आतलं कोणालाच काढता येत नाही, दुकानदाराला नाही आणि कंपनीलाही नाही. ही की बहुधा ज्या ईमेलने लॅपटॉप पहिल्यांदा चालू केला त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. लॅपटॉप चालू आहे तोवरच ती उघडून कागदावर उतरवून ठेवा. आज हा एकच मुद्दा लक्षात राहिला तरी मला चालेल.

आता हिशेबाचं सॉफ्टवेअर. प्रभाग संघ मोठा झाला, व्यवहार वाढले की कोणीतरी टॅली आणतं. एका कॉम्प्युटरवर चालणाऱ्या टॅलीच्या परवान्याला वीस हजार रुपयांच्या वर लागतात, म्हणजे आपल्या एखाद्या मैत्रिणीचं शेळीचं कर्ज. तो परवानाही मशीनला बांधलेला असतो. पण टॅलीत एक चांगली सोय आहे, परवाना सरेंडर करण्याची. मुलीला एका शाळेतून दुसऱ्या शाळेत घालायचं तर आधी दाखला काढतो ना, तसं. जुन्या मशीनवर इंटरनेट लावून परवाना सरेंडर करायचा, मग नव्या मशीनवर सिरियल नंबर आणि नोंदवलेला ईमेल टाकून पुन्हा ॲक्टिव्हेट करायचा. पैसे पुन्हा द्यावे लागत नाहीत. कॉम्प्युटर दुरुस्तीला देण्याआधी, फॉरमॅटला देण्याआधी, तो चालू असेल तर हे करून घ्यायचं. अचानक जळाला आणि दाखला काढायचा राहिला, तरी सिरियल नंबर आणि ईमेल हाती असतील तर परवाना परत चालू करून घेता येतो. परवाना नसताना टॅली शैक्षणिक पद्धतीत उघडतं. तेव्हा महिन्याच्या फक्त पहिल्या, दुसऱ्या आणि शेवटच्या तारखेच्या नोंदी घेता येतात. आता आपल्या बैठका कधी पाचला, कधी बाराला. त्या नोंदी घालायच्या कुठे?

आपल्या भागातल्या एका संघात हेच झालं. लेखापरीक्षण तोंडावर आलेलं, त्यावर बँकेचं पुढचं कर्ज अवलंबून, आणि मदरबोर्ड जळला. दुरुस्ती झाली, हिशेबाचा परवाना काही चालू होईना. सिरियल नंबर बिलावर सापडला. पण ईमेल? तो संघाचा नव्हताच. आधी जी मुलगी ऑपरेटर होती तिच्या स्वतःच्या ईमेलवर नोंदणी होती, आणि ती लग्न होऊन धर्माबादकडे गेलेली. पोरगी भली. फोन केला तर म्हणाली, काकू, तो ईमेल ज्या नंबरवर होता ते सिम सासरी आल्यावर बंद झालं, पासवर्ड आठवत नाही. तिचा दोष म्हणता येत नाही. घेताना कोणी तिला सांगितलंच नव्हतं की संघाच्या नावाचा वेगळा ईमेल कर. शेवटी अध्यक्षा आणि सचिव दोघींनी संघाच्या लेटरहेडवर अर्ज, बिलाची प्रत आणि ठरावाची प्रत देऊन ईमेल बदलून घेतला. तोवर दोन आठवडे लिपिका कागदी रोजकीर्द घेऊन बसली होती. ती रोजकीर्द नीट होती म्हणून लेखापरीक्षण अडलं नाही. कॉम्प्युटर आला की वही बंद करू म्हणणाऱ्या बायकांना मी हे मुद्दाम सांगते.

दुसरी एक वाट दुकानातूनच सुचवली जाते. ‘ताई, क्रॅक मारून देतो, दोनशे-तीनशेत काम होईल.’ हे घेऊ नका. कॉपीराइट कायदा १९५७, त्याच्या ६३-ब कलमात चोरीची प्रत आहे हे माहीत असून कॉम्प्युटरवर वापरली तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे. पैसे कमावण्यासाठी किंवा धंद्यात वापरली नसेल तर न्यायालय नुसता दंडही करू शकतं, पण संघाच्या नावावर अशी केस कशाला? शिवाय क्रॅक टाकताना बहुतेक वेळा आधी अँटीव्हायरस बंद करायला लावतात. ज्या मशीनवर शेकडो बायकांचे आधार नंबर आणि बँक खाते क्रमांक आहेत, त्याची राखण बंद करून अनोळखी पाहुणा आत घ्यायचा, हे मला तरी पटत नाही. अँटीव्हायरसचाही परवाना असतो बरं का. पुण्याच्या क्विक हीलसारखा वर्षाच्या मुदतीचा घेतला असेल तर त्याची प्रॉडक्ट की जपा आणि मशीन बदलण्याआधी जुन्यावरून तो डीॲक्टिव्हेट करा. मुदत शिल्लक असेल तर तीच की पुढे वापरता येते.

नुसती पत्रं, ठराव, याद्या टाइप करायच्या असतील तर लिबरऑफिस फुकट आहे, कायदेशीर आहे, त्याला ॲक्टिव्हेशनच नाही. कितीही भाग बदला. युनिकोड मराठीही त्यात छान चालतं. आणि विंडोज १० ची सुरक्षा अपडेट देणं मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला सर्वसाधारणपणे थांबवलं. विंडोज ११ ला मशीनमध्ये टीपीएम २.० नावाची सोय लागते, ती जुन्या मशीनमध्ये बहुधा नसते. म्हणून दहा वर्षं जुन्या डब्यात नवा मदरबोर्ड बसवायचा ठराव करण्याआधी एकदा हिशेब मांडा.

आता करायचं काय, तर पुढच्या मासिक बैठकीत संघाच्या नावाचा एक ईमेल उघडा, त्याला जो मोबाइल नंबर द्याल तो संघाचा द्या, कोणा एकीचा नको. मालमत्ता रजिस्टरच्या एका पानावर कॉम्प्युटर कधी घेतला, विंडोज कोणतं, टॅलीचा सिरियल नंबर, अँटीव्हायरसची की आणि मुदत हे लिहा. पासवर्ड आणि ती ४८ आकडी की मात्र रजिस्टरमध्ये नको. बंद पाकिटात, दोघींच्या सह्या करून, पेटीत. पदाधिकारी बदलले की चाव्या आणि शिक्के हाती देतो, तसं हे पाकीटही द्यायचं, आणि इतिवृत्तात तशी ओळ लिहायची.

एका ताईंनी विचारलंय की त्यांच्या गटाकडे लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं करायचं जुनं श्रीलिपी आहे, त्याचं काय करायचं. श्रीलिपी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं. त्याच्या जुन्या परवान्यांबरोबर डोंगल यायचं, एक छोटं कुलूप, कॉम्प्युटरच्या मागे लावायचं. तिथे परवाना डोंगलमध्ये असतो, मशीनमध्ये नाही. मदरबोर्ड बदला, कॉम्प्युटर बदला, डोंगल लावलं की झालं. अडचण दोन ठिकाणी येते. फार जुनं डोंगल प्रिंटरच्या रुंद खाचेत बसायचं आणि ती खाच नव्या मशीनला नसते, तेव्हा नवीन कॉम्प्युटर घेताना ते बघून घ्या. आणि डोंगल हरवलं तर परवानाच हरवला. यूएसबीचं डोंगल दिसायला अगदी पेन ड्राइव्हसारखं असतं, म्हणून त्यावर लाल दोरा बांधा आणि गाणी भरायला म्हणून कोणाच्या पोराच्या हाती देऊ नका.