सहीपुरती खुर्ची नको



आपल्या जिल्ह्याला 2024 मध्ये अहिल्याबाईंचं नाव मिळालं. त्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. 1767 ते 1795 त्यांनी राज्य चालवलं. त्याआधी, 1595-96 मध्ये मुघल फौजेचा वेढा पडला तेव्हा नगरचा किल्ला चाँदबीबींनी लढवला. दोघींचा आपल्याला अभिमान आहे. म्हणूनच विचारतो, आज जिथे पैशाचे निर्णय होतात त्या संचालक मंडळांवर स्त्रिया किती?

आधी कायदा पाहू. 2013 च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीवर आणि मोठ्या पब्लिक कंपन्यांवर किमान एक महिला संचालक सक्तीची केली. मुदत जवळ आल्यावर अनेक मालकांनी बायकोला, बहिणीला, मुलीला संचालक केलं. कागद पूर्ण झाला, निर्णय घरातच राहिले. म्हणून सेबीने पुढे मोठ्या 1000 कंपन्यांना स्वतंत्र, म्हणजे मालकाच्या घरातली नसलेली, महिला संचालक घ्यायला लावली. नॉर्वेने तर मोठ्या कंपन्यांसाठी 40 टक्क्यांचा कायदा 2003 मध्येच केला.

आपल्याकडे मात्र कंपनीपेक्षा सहकार मोठा. लोणीचा प्रवरा कारखाना 1950 च्या सुमारास सुरू झाला आणि जिल्ह्याचं रूप पालटलं. सहकारी संस्थेत महिला सभासद असतील तर मंडळावर दोन जागा महिलांसाठी राखीव असतात. मंडळ जास्तीत जास्त 21 जणांचं. म्हणजे मोठ्या संस्थेत राखीव वाटा दहा टक्क्यांहूनही कमी.

खरी मेख त्याच्याही मागे आहे. कारखान्याचा सभासद ऊस पिकवणारा शेतकरी. सातबारा बहुतेक ठिकाणी बाप्याच्या नावावर, म्हणून शेअरही त्याच्याच नावावर आणि मतदानही त्याचंच. उसात खुरपणी करणाऱ्या बाईचं नाव मतदार यादीत नसतं. यादीच अशी असेल तर राखीव जागेवर कोण येणार, ते वेगळं सांगायला नको. ‘सरपंचपती’ हा शब्द आपल्याला काही नवा नाही.

आता आपल्या घरात डोकवा. शरियतने मुलीचा वाटा ठरवून दिला आहे. तरीही बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची रीत आपल्याकडेही आहे. त्या एका सहीने जमीन जाते, तसं सभासदत्व आणि मतही जातं. हजरत खदीजा स्वतःच्या व्यापाराच्या मालक होत्या, हे आपण मुलींना शिकवतो. मग मालकीची वेळ आली की त्यांना गप्प का बसवतो?

वक्फ मंडळावर किमान दोन महिला असाव्यात, अशी तरतूद 2013 च्या दुरुस्तीने आली. पण ती राज्याच्या मंडळासाठी. गावची जमात, मशिदीचा ट्रस्ट, आपली शिक्षण संस्था यांचं काय? मुलींच्या शाळेची फी, वसतिगृह, बसची वेळ हे सगळं ठरवणाऱ्या बैठकीत एकही बाई नसते.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एकाने लिहिलेला कोड दुसरा तपासतो, कारण लिहिणाऱ्याला स्वतःची चूक सहसा दिसत नाही. संस्थेचंही तसंच आहे. मुलींच्या शाळेत स्वच्छतागृह नाही, हे ताळेबंदात दिसत नाही. तिथे रोज जाणारीला दिसतं. बाई प्रत्येक वेळी बरोबरच असेल असा माझा दावा नाही. पण जिच्यावर निर्णयाचा परिणाम होणार, ती बैठकीबाहेर नसावी.

तेव्हा तीन कामं करू. घरातल्या शेतीत, दुकानात, पतसंस्थेच्या शेअरमध्ये आई-बहिणीचं नाव लावू. वार्षिक सभेत सभासद यादी मागू आणि त्यात स्त्रिया किती ते मोजू. आणि मंडळावर एखादी बाई आली, तर सभेची नोटीस आणि ताळेबंद आधी तिच्या हातात पोचतो का, तिचं म्हणणं इतिवृत्तात लिहिलं जातं का, हे बघू.

यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही. सुरुवात आपल्याच ट्रस्टच्या पुढच्या बैठकीपासून करता येईल.