खेळातील गोडी आणि पहिलीचा वर्ग



सागरगोट्यांचा डाव मांडून बसलेल्या सात वर्षांच्या मुलीस कोणी बक्षीस देऊ केलेले नसते, की कोणी छडीचा धाक घातलेला नसतो. दहा वेळा गोटा हातून निसटला तरी अकराव्या वेळी ती तो उडवतेच. हीच मुलगी पाटीवरचे एक गणित चुकले की हिरमुसते व दुसरे हाती घेण्यास कचरते. मुलगी तीच, बुद्धीही तीच. मग हा फरक पडतो कोठून, हा प्राथमिक शाळेपुढील खरा प्रश्न होय.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलांस शारीरिक शिक्षा करण्यास व त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली, हे उचितच झाले. परंतु छडीची रिकामी जागा पुष्कळ वर्गांत बक्षिसाने घेतली. गणित बरोबर आले तर गोळी, हजेरी भरली तर पेन्सिल. हेतू निर्मळ असला तरी परिणाम तसाच होईल असे नाही. १९७३ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेत लेपर, ग्रीन व निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग या बाबतीत मननीय आहे. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेली मुले निवडून त्यांनी तीन गट केले. एका गटास, चित्र काढल्यास मानपत्र मिळेल, असे आधीच सांगितले; दुसऱ्यास ते न सांगता अखेरीस दिले; तिसऱ्यास काहीच दिले नाही. पुढे एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळी मुलांस पाहिले, तेव्हा पहिल्या गटातील मुले इतरांच्या मानाने सुमारे निम्माच वेळ चित्रांकडे देत होती. न सांगता मानपत्र मिळालेल्यांची आवड मात्र कमी झालेली नव्हती. अर्थात कौतुक वाईट नव्हे; कौतुकाचा सौदा वाईट. ज्या मुलास एखाद्या विषयाची गोडीच लागलेली नाही, त्यास उंबरठा ओलांडावयास लहानसे बक्षीस क्वचित उपयोगी पडेलही, पण उंबरठ्याच्या आत त्याने रमावे यासाठी दुसरेच काही हवे.

ते दुसरे काही वऱ्हाडातल्या अंगणात फार पूर्वीपासून आहे. सागरगोट्यांचाच खेळ घ्यावा. पाच गोट्यांपैकी एक वर उडवावयाचा आणि तो खाली येण्याच्या आत जमिनीवरचे चार उचलावयाचे: आधी एकेक, मग दोन-दोन, मग तीन आणि एक, शेवटी चारही एकदम. चार या संख्येची फोड फळ्यावर मांडण्यापूर्वीच मुलीच्या बोटांस कळलेली असते. विटीदांडूत विटी किती लांब गेली हे दांडूने मोजतात. दोन पक्षांचे दांडू लहानमोठे निघाले की भांडण जुंपते, आणि माप सर्वांचे एकच का असावे हे त्या भांडणातून जितके स्वच्छ उमजते तितके पुस्तकातील व्याख्येने क्वचितच उमजते. शिक्षकाने ते भांडण मिटविण्याची घाई करू नये.

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत घरोघर भुलाबाई मांडल्या जातात. गाणी झाल्यावर झाकलेला डबा हलवून आतील खाऊ ओळखावयास सांगतात. गोड की तिखट, तळलेला की भाजलेला, कोरडा की ओला, असे विचारीत मुली एकेक शक्यता गाळीत जातात. हा वर्गीकरणाचा उत्तम पाठ होय. त्यात मुलांनाही बसवावे, एवढाच फरक शाळेने करावा.

येथे ताराबाई मोडक यांचे स्मरण अगत्याचे आहे. विवाहानंतर काही वर्षे त्या अमरावतीस राहिल्या होत्या. पुढे भावनगरास गिजुभाई बधेका यांच्यासह त्यांनी बालशिक्षणाचे काम केले, १९४५ मध्ये बोर्डीस व १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्या साथीने ते आदिवासी मुलांपर्यंत नेले. माँटेसरी पद्धतीची महाग साधने तेथे परवडणारी नव्हती. म्हणून शंख, बिया, खडे व पाने हीच साधने झाली. मुले शाळेत येईनात, तेव्हा बालवाडी पाड्यांच्या अंगणांत गेली; गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली.

मेळघाटात धारणी व चिखलदरा तालुक्यांतील शिक्षकांस हा दाखला विशेष जवळचा वाटेल. तेथील कोरकू मुलाची घरची भाषा मुंडा कुळातील आहे, मराठीच्या कुळातील नव्हे. पहिल्या दिवशी गुरुजींचे शब्द त्यास कळत नाहीत, गुरुजींस त्याचे कळत नाहीत. अशा मुलाचे मौन म्हणजे मंदपणा असे समजले गेले तर त्याची शाळा तेथेच संपण्याचा धोका असतो. लंगडीला मात्र दुभाषी लागत नाही. खेळता खेळता ‘धर’, ‘पळ’, ‘बाद’ हे शब्द त्यास येतात, आणि शिक्षकाने त्याचे चार शब्द उच्चारले की तो मोकळेपणाने हसतो. त्या हसण्यानंतर अक्षरओळख सुरू करणे पुष्कळ सोपे जाते.

मैदानी खेळांचा अभिमान या भागास आहेच. अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापिलेल्या श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथे आपले देशी खेळ दाखविले. पण तो मान मोठ्या मुलांच्या मैदानास मिळतो. पहिलीच्या वर्गात खेळणारी मुले दिसली की ‘आज शिकविणे नाही काय?’ असे विचारणारे अजूनही भेटतात. अशा पालकांस एखाद्या शनिवारी वर्गात बसवून मुलांबरोबर सागरगोट्यांचे हिशेब करावयास लावावे.

दिवाळीच्या सुमारास कापूसवेचणीचे दिवस येतात आणि अकोला-अमरावतीच्या खेड्यांत पट रोडावतो. आईबाप शेतात, धाकटे भावंड सांभाळण्यास थोरली बहीण घरी. तिला धाकट्यासह येऊ द्यावे, मागच्या बाजूस सतरंजी टाकून त्यास चिंचोक्यांऐवजी मोठी लाकडी खेळणी द्यावी, कारण लहान बी गिळण्याची भीती असते. दोनशिक्षकी शाळेत चौथीच्या मुलींनी पहिलीच्या मुलांचा डाव चालवावा. त्या वेळी गुरुजींनी फक्त कोण मागे बसून नुसते पाहत आहे हे हेरावे, आणि दुसऱ्या दिवशी पहिला गोटा त्याच्या हाती द्यावा.