आपलं कोण, परकं कोण?

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘तुझ्या कामाबद्दल दहा मिनिटं बोल’ असं सांगितलं होतं. पण सॉफ्टवेअरबद्दल बोलले तर जेवणाआधीच तुम्हाला झोप लागेल. म्हणून त्यांच्या परवानगीने दुसरा विषय घेतलाय. माझ्या मुलीला नवव्या वर्षी टाइप १ मधुमेह झाला. आता ती तेरा वर्षांची आहे. या चार वर्षांत लग्नात, हळदीकुंकवाला, अगदी लिफ्टमध्येसुद्धा मला विचारलं गेलं, “एवढ्याशा पोरीला डायबेटिस? गोड फार खायची का?” त्याचं नीट उत्तर आज देते. मी डॉक्टर नाही. पण यंत्रणा का बिघडली हे कळायला ती मुळात चालते कशी ते आधी पाहावं लागतं, हे इंजिनिअरला पक्कं ठाऊक असतं.

आपल्या शरीरात टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. पहारेकरीच म्हणा. प्रत्येकीकडे शत्रू ओळखण्याचा स्वतःचा एक साचा असतो. उद्या कोणता जंतू येणार हे शरीराला माहीत नसतं. म्हणून जनुकांचे तुकडे पत्त्यांसारखे पिसून ते कोट्यवधी वेगवेगळे साचे बनवतं. पण पिसणं आंधळं असतं. त्यातले काही साचे जंतूंना न बसता आपल्याच सांध्यांना, आपल्याच थायरॉइडला, आपल्याच इन्सुलिनला बसतात. म्हणजे आपल्याच घरावर चालून जाऊ शकतील असे पहारेकरी प्रत्येकाच्या शरीरात रोज जन्माला येतात. तुमच्याही, माझ्याही. मग बहुतेकांना काही होत का नाही?

याचं पहिलं उत्तर छातीच्या हाडामागे आहे. तिथे थायमस नावाची ग्रंथी असते. टी-पेशीतला ‘टी’ तिचाच. मराठीत तिला यौवनलोपी ग्रंथी म्हणतात. बालपणी ती जोमात असते आणि वयात आल्यावर आक्रसत जाते, हे नावातच आलं. ती बिनकामाची आहे असं फार काळ समजलं जाई. १९६१ साली लंडनमध्ये जाक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची ही ग्रंथी काढून पाहिली. ते उंदीर संसर्गाला सहज बळी पडू लागले आणि दुसऱ्या उंदराची कातडी लावली तर तीही त्यांचं शरीर नाकारेना. आपलं-परकं ओळखणाऱ्या पेशी घडवणारी शाळा कुठे आहे, ते तेव्हा कळलं.

या शाळेत दोन परीक्षा असतात. शरीरातल्या पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे तुकडे जणू तबकात ठेवून पृष्ठभागावर मांडतात. टी-पेशीला ते तबक मुळात धरता येतं का, ही पहिली परीक्षा. येत नसेल तर ती मरते. दुसरी परीक्षा उलटी. तबकातल्या स्वतःच्याच तुकड्याला जी पेशी फार घट्ट चिकटते, ती धोक्याची. अशा बहुतेक पेशी तिथेच स्वतःला संपवतात. शंभरातल्या जेमतेम दोन ते पाच पेशी बाहेर पडतात. आपल्या दहावीचा निकाल असा लागला असता तर आज हे सभागृह रिकामंच असतं!

आता खरी गंमत. इन्सुलिन बनतं पोटात, स्वादुपिंडात. परीक्षा होते छातीत. मग इन्सुलिनला चिकटणारी पेशी छातीत पकडली कशी जाते? थायमसमधल्या काही पेशींमध्ये ‘एअर’ नावाचं जनुक काम करतं. ते त्या पेशींकडून शरीरातल्या इतर अवयवांची हजारो प्रथिनं थोडी थोडी तयार करून घेतं. त्यात इन्सुलिनसुद्धा. हे जनुक १९९७ मध्ये सापडलं, ते एका दुर्मीळ आजाराच्या अभ्यासातून. त्या रुग्णांत ते बिघडलेलं असतं आणि त्यांचं शरीर एकामागून एक ग्रंथींवर हल्ला करतं. एअरचं काम नेमकं काय, ते २००२ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून स्पष्ट झालं. आम्ही सॉफ्टवेअर ग्राहकाला देण्याआधी खऱ्यासारखा डेटा घालून तपासतो, तसंच हे.

पण कोणतीही चाचणी शंभर टक्के पकडत नाही. काही चुकार पेशी सुटतातच. त्यांच्यासाठी बाहेर दुसरी व्यवस्था असते, नियामक टी-पेशींची. इतर टी-पेशी आपल्याच शरीरावर उठल्या तर त्यांना शांत करणं हे त्यांचं काम. जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या ओळखून दाखवल्या. मेरी ब्रुन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये ‘फॉक्सपी३’ हे जनुक शोधलं. त्याच्यावाचून या पेशी घडत नाहीत, हे पुढे सिद्ध झालं. या तिघांना २०२५चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. घरी ती बातमी मी मोठ्याने वाचून दाखवली तेव्हा मुलगी म्हणाली, “म्हणजे माझ्या आजारावर एवढी मोठी माणसं काम करतात?”

टाइप १ मधुमेहात या दोन्ही व्यवस्था कमी पडतात. टी-पेशी स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करतात. इन्सुलिनच्या जनुकाशेजारी डीएनएचा एक तुकडा असतो, त्याची लांबी माणसागणिक वेगळी. तो लांब असेल तर थायमसमध्ये इन्सुलिन जास्त बनतं आणि या आजाराचा धोका कमी होतो. केवढ्याशा गोष्टीवर केवढं अवलंबून! तरीही सगळं जनुकांवर नाही. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला हा आजार झाला तरी दुसऱ्याला होतोच असं नाही. पण यात पेढे, चॉकलेट किंवा आईचे लाड कुठेही येत नाहीत. त्या मुलांना इन्सुलिन घ्यावंच लागतं. ती सवय नाही, श्वासाइतकी गरज आहे. अमेरिकेत २०२२ मध्ये एका औषधाला मान्यता मिळाली. ते टी-पेशींना आवर घालून आजाराची सुरुवात साधारण दोन वर्षं पुढे ढकलतं. बरं करत नाही, पण एका लहान मुलाची दोन वर्षं इंजेक्शनांविना जाणं ही थोडी गोष्ट नाही.

आता एक विनंती. आपल्यातले कितीतरी जण शिक्षक झालेत आणि आमचे गुरुजन तर समोरच बसलेत. वर्गातलं एखादं मूल अचानक सारखं पाणी पिऊ लागलं, वारंवार लघवीला जाऊ लागलं, वाळत चाललं, तर त्याला रागावू नका. त्याच दिवशी पालकांना फोन करा आणि साखर तपासायला सांगा. उशीर जिवावर बेतू शकतो. मधुमेह असलेलं मूल वर्गात घामाघूम झालं, थरथरू लागलं, भलतंच बोलू लागलं, तर त्याची साखर उतरलेली असू शकते. शुद्धीत असेल तर लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, तडक दवाखाना गाठा. आणि त्याला सहलीला न्या. माझ्या मुलीला एकदा ‘जोखीम नको’ म्हणून मागे ठेवलं गेलं. तिला साखर उतरल्यावर काय करायचं ते माहीत होतं. मैत्रिणी बसमध्ये चढताना पाहत राहायचं कसं, ते मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

पंधरा वर्षांची होऊन आपण या शाळेतून बाहेर पडलो, तेव्हा आपल्या प्रत्येकाच्या छातीत ती छोटी शाळा अजून भरत होती. कुणाची परीक्षा नीट झाली, कुणाच्या एक-दोन पेशी निसटल्या. त्यात कुणाचं कर्तृत्व नाही आणि कुणाचा दोषही नाही. एवढं जरी तुमच्यापैकी प्रत्येकाने घरी जाऊन चार जणांना सांगितलं, तरी माझी दहा मिनिटं सार्थकी लागली.

जेवण तयार आहे. जिलेबी माझी मुलगीही खाणार आहे, इन्सुलिनचा हिशेब करून.