एक कान तर आहे ना!

लहानपणी गालगुंड झाले आणि माझा उजवा कान कायमचा गेला. गावात जो तो म्हणायचा, "जाऊ दे, एक कान तर आहे ना!" आज मला या वाक्याविषयीच बोलायचे आहे.

उजवीकडचा आवाज डाव्या कानाला किंचित उशिरा पोचतो. हा उशीर सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो, पण तेवढ्यावरून मेंदू दिशा ओळखतो. इस्लामपूरच्या नाक्यावर उसाचा ट्रॅक्टर हॉर्न देतो तेव्हा तो मला ऐकू येतो, पण कुठून आला ते कळत नाही. मी जागीच थांबते, दोन्हीकडे बघते, मगच पाऊल टाकते. लग्नाच्या मांडवात उजवीकडची बाई दोनदा हाक मारते आणि मला शिष्ट ठरवते.

२०१६च्या दिव्यांग कायद्यातही श्रवणदोष धरला जातो तो दोन्ही कानांचा. त्यामुळे आमच्यासारख्यांची अडचण कागदावर येतच नाही.

कानाच्या मशीनचा उपयोग होत नसेल, तर कॉक्लिअर इम्प्लांटचा विचार करतात. कानामागचे यंत्र आवाज टिपते आणि शस्त्रक्रियेने आत बसवलेल्या तारा तो थेट श्रवणाच्या नसेपर्यंत नेतात. अमेरिकेत २०१९पासून एका कानाच्या बहिरेपणासाठीही त्याला मान्यता आहे. मात्र नस शाबूत हवी, आणि कान जाऊन बरीच वर्षे लोटली असतील तर लाभ कमी होतो. शस्त्रक्रियेनंतर लगेच बोलणे समजू लागत नाही. कित्येक महिने थेरपी घ्यावी लागते. दोन्ही कानांनी ऐकू न येणाऱ्या लहान मुलांना केंद्राच्या एडिप योजनेतून मदत मिळते. मुंबईची अली यावर जंग संस्था ते काम पाहते.

आईवडिलांनो, मूल टीव्हीकडे एकच कान वळवते का, फोन नेहमी एकाच कानाला लावते का, एवढे बघा. शंका आली तर अंगणवाडीत किंवा शाळेत येणाऱ्या बाल स्वास्थ्य पथकाला सांगा आणि कान तपासून घ्या. गुरुजींनो, अशा मुलाला पुढच्या बाकावर, चांगला कान तुमच्याकडे येईल असे बसवा.

आणि कुणाचा एक कान अचानक बंद पडला, तर मळ असेल म्हणून तेल घालत बसू नका. त्याच दिवशी सातारा, कराड, सांगली, मिरज, जे जवळ असेल तिथल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. औषधाचा गुण सुरुवातीच्या दिवसांतच येतो. दुसरा कान चांगला आहे म्हणून थांबू नका.